साडेबावीसचं अडीच

एक कप. अर्धाच भरलेला. नेहमी अर्धाच.

नऊ आकडी फोन नंबर. लावला की आतली बाई गोड आवाजात सांगते, हा क्रमांक अस्तित्वात नाही.

भिंतीला टेकवून ठेवलेली नवी पाटी, खाकी कागदात गुंडाळलेली. कागद एका कोपऱ्यात फाटलाय. तिथून पितळेचं एकच अक्षर दिसतं.

माझी आई एक डोळा झाकून कॅलेंडर वाचते, मग दुसरा झाकून. उजव्याने तारीख दिसते. डाव्याने, ती म्हणते, "नुसतं धुकं. आणि धुक्यात तुझा बाप." बाबा खरंच कॅलेंडरखाली बसलेले असतात.

दोन्ही हात खिशात घालून चालणारी एक बाई.

बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची डबी, आत भिंग. डबीवर छापलंय: २.५

टेबलावर झोपलेल्या माणसाच्या डोळ्यात जायला हवं होतं ते: २२.५

एस्केप

बुधवारी अकरा वाजता ती माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आली. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलेला, जसं काही त्याला ताप आहे. खुर्ची पुढे केली तर बसली नाही.

"याची बटणं चालत नाहीत असं लिहून द्या," ती म्हणाली. "दुकानाचा शिक्का मारून."

"आधी बघते, मग लिहिते."

"बघायचं काय त्यात? मी आकडा दाबते, तो उमटत नाही. बॅकस्पेस तर इतकं हट्टी झालंय, चारदा दाबलं की एकदा ऐकतं."

दोन गल्ल्या पलीकडे डोळ्यांचा दवाखाना आहे. ती तिथल्या काउंटरला बसते. मी तिला ओळखत होते. आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन तिथेच झालं, तेव्हा कागदांवर कुठे सही करायची ते हिनेच बोट ठेवून दाखवलं होतं. येत्या सोमवारी डावा डोळा. त्या सहीच्या वेळी मात्र ती हसत होती.

"ताई, बसा," मी म्हटलं. "झालं काय ते सांगा."

मग ती बसली. गेल्या महिना-सव्वा महिन्यात काउंटरवर चुका व्हायला लागल्या. एका पेशंटचा फोन नंबर एक आकडा कमी, म्हणून त्याला तारीख बदलल्याचं कळलंच नाही. एकाचा फाइल नंबर चुकला, म्हणून दुसऱ्याचीच फाइल आत गेली. आणि मागच्या आठवड्यात, मंगळवारी, भिंग. ऑपरेशनच्या टेबलावर माणूस झोपलेला, डोळा बधिर केलेला, आणि डबीत भिंग अडीच नंबरचं. हवं होतं साडेबावीसचं. मोठ्या डॉक्टरबाईंनी डबी उघडण्याआधी वाचली म्हणून वाचलं सगळं. माणसाला उठवून, पट्टी बांधून घरी पाठवलं.

"यादी मी टाइप केली होती," ती म्हणाली. "कागदावर २२.५ लिहिलेलं. मी २२.५च दाबलं. माझ्या बोटांना माहीत आहे मी काय दाबलं ते."

"स्क्रीनवर बघितलं नाहीत?"

"एकोणीस वर्षं झाली, मी स्क्रीनकडे बघत नाही. नजर डावीकडच्या कागदावर. अशीच शिकलेय मी, अशीच शिकवतात." तिने टॉवेलाची घडी घातली, मोडली, परत घातली. "शनिवार शेवटचा म्हणाल्या मोठ्या बाई. सोमवारपासून दुसरं कुणी. ओरडल्या नाहीत हो. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, 'दमलीस तू आता.' बावन्नाव्या वर्षी!"

मी लॅपटॉप उघडला, चाचणीचा प्रोग्रॅम लावला. स्क्रीनवर कीबोर्डचं चित्र येतं. बटण दाबलं की चित्रातलं बटण हिरवं होतं. चौदा वर्षं मी हे असंच करतेय. एक बटण, एकदा. हिरवं झालं की पुढचं.

या धंद्यात मेलेल्या बटणांचे तीनच प्रकार असतात. शेजारी शेजारी मेली, तर पाणी किंवा चहा. लांब लांब राहून एकाच तारेवर नांदणारी मेली, तर तार. आणि एकमेकांशी काही देणंघेणं नसलेली मेली, तर माणूस: कुणीतरी पिन घातलेली असते, नाहीतर राग काढलेला असतो.

इथे एकही मेलं नव्हतं. चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी हिरवी.

"सगळी ठणठणीत आहेत, ताई."

ती थोडा वेळ त्या हिरव्या चित्राकडे बघत बसली. "म्हणजे मीच बिघडलेय," ती म्हणाली.

मी पावती करायला घेतली. "तुमचा नंबर?"

माझ्याकडे बघतच तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि बोटं फिरवली. नंबर तोंडाने सांगायची तिला सवयच नसावी. एका श्वासात टाइप करून तिने तो माझ्याकडे परत फिरवला.

मी मोजले.

"ताई, तुमचा नंबर नऊ आकडी आहे का?"

कॅप्स लॉक

तिचा नंबर ४४ने संपत होता. स्क्रीनवर एकच ४.

मी पुन्हा टाइप करायला लावलं. एकच. पाच वेळा लावलं, पाचही वेळा एकच. मग मी स्वतः, माझ्या एका बोटाने, चष्म्यातून बटण शोधत दाबला: चार... आणि चार. दोन्ही उमटले.

"तुमच्या हाताने उमटतात आणि माझ्या हाताने नाही?" ती म्हणाली. "मी काय वाकडं केलंय याचं?"

मी दुकानातला दुसरा कीबोर्ड वायरने त्याच लॅपटॉपला जोडला. नवाकोरा, पिशवीतून काढलेला. तिने नंबर टाइप केला. एकच ४.

म्हणजे लॅपटॉपचा कीबोर्ड निर्दोष.

मग तिला माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर बसवलं. तिथे ४४. दहा वेळा केलं, दहाही वेळा ४४. बोटं अशी चालतात तिची, की बघत बसावं.

म्हणजे तीही निर्दोष.

"मग राहिलं कोण?" तिने विचारलं.

चुका मी कागदावर मांडल्या. फोन नंबरात ७७चा ७. फाइल ३११८ची ३१८. साडेबावीसचं अडीच. तिन्हीकडे जुळ्यातला दुसरा नाहीसा. चारदा दाबून एकदा ऐकणारं बॅकस्पेस, तेही त्याच घरातलं. आणि मी? मी प्रत्येक बटण एकदाच दाबून तपासत होते. चौदा वर्षं. प्रश्नच असा विचारत होते की उत्तर यायला नको.

शिफ्ट

कॉम्प्युटरमध्ये एक सेटिंग असतं, फिल्टर कीज नावाचं. ते चालू असलं की तेच बटण लागोपाठ पटकन दाबलं तर दुसरा दाब कॉम्प्युटर ऐकून सोडून देतो. उजवीकडचं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की ते चालू करायचं का म्हणून विचारणा होते. कुणी फोनवर बोलताना कोपर टेकवतं, आणि पुढचं एंटर दाबलं की झालं.

मला मनापासून वाटत होतं की कोपरच असावं. "चुकून चालू झालं होतं, बंद केलं आहे," एवढं लिहायचं, शिक्का मारायचा, ताईची नोकरी वाचली. चहा प्यायचा.

सेटिंग उघडलं. चालू होतं.

पण चालू झाल्यावर एक खूण येते, कोपऱ्यात. ती लपवलेली होती. एक आवाज होतो, तो बंद केलेला. आणि दोन दाबांमध्ये किती थांबायचं ते ठरवता येतं, तिथे आधी पाऊण सेकंद, मग एक सेकंद असे पर्याय येतात. कुणीतरी ते सगळं चाळून अर्ध्या सेकंदावर आणून ठेवलं होतं. खाली तपासून बघायला एक चौकोन असतो, तिथे काहीतरी टाइप करून बघायचं. म्हणजे कुणीतरी तिथे बसून, आपल्या हाताला किती लागतं ते मोजून बघितलं होतं.

कोपर इतका विचार करत नाही. आणि जाताना दिवे मालवून जात नाही.

"कुणीतरी मुद्दाम केलंय?" ताई म्हणाली. आवाज एकदम बारीक. "माझ्यावर राग ठेवून?"

"माहीत नाही. तुमच्याखेरीज याला कोण हात लावतं?"

तिने बोटांवर मोजले. "मोठ्या बाई. धाकट्या बाई, म्हणजे त्यांची लेक, तीही डोळ्यांचीच डॉक्टर. आणि मामा. मोठ्या बाईंचे भाऊ. खाली चष्म्याचं दुकान आहे ना, ते. जेवणाच्या सुट्टीत येतात, चष्म्यांच्या ऑर्डरी पाठवतात."

मग म्हणाली, "मामांच्या सुनेला काउंटरला बसायचंय. वर्षभर चाललंय त्यांचं."

टॅब

गुरुवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन स्वतःच गेले. आधी खाली, चष्म्याच्या दुकानात.

मामा म्हणजे गोल चेहऱ्याचा, गोड बोलून काम करवून घेणारा माणूस. मी काही विचारायच्या आत माझ्याच चष्म्याकडे बोट दाखवलं. "काडी ढिली झालीय तुमची. द्या इकडे. दुसऱ्यांचं दुरुस्त करता आणि नाकावर हे?"

"मामा, त्या लॅपटॉपवर—"

"त्या लॅपटॉपला माझा नमस्कार. मी एका बोटाने टाइप करतो, लोक हसतात." त्यांनी डबीतून स्क्रू उचलला. तिळाच्या निम्मा. चिमट्याने धरून काडीच्या भोकावर आणला, सोडला. तो सरळ आत बसला. पहिल्याच खेपेला. "आणि सुनेचं विचारायला आला असाल तर हो, मी बोललो होतो बहिणीला, ताईसाहेबांना. आपलं माणूस काउंटरला असलं तर बिघडलं काय? पण त्यासाठी कुणाच्या डोळ्यात चुकीचं भिंग घालेन होय मी? चष्मेवाला आहे मी!"

मी त्यांच्या हातांकडे बघत होते. हेतू होता. हात मात्र दगडासारखे स्थिर. हे सेटिंग कशासाठी बनवलंय ते मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

ते अशा लोकांसाठी असतं ज्यांचे हात थरथरतात. बोट बटणावर टेकवलं की ते दोनदा-तीनदा आपटतं, आणि एका ४चे ४४४ होतात. अर्धा सेकंद कान बंद ठेवणारा कीबोर्ड त्यांना हवा असतो.

वर दवाखान्यात आले. काउंटरपाशी, भिंतीला टेकवलेली खाकी कागदातली पाटी. ताई कागदावरच काहीतरी लिहीत होती. लॅपटॉपशिवाय ती अशी दिसत होती, जशी गाडी गेल्यावर फलाटावर उरलेली माणसं.

"पाटी कसली?" मी विचारलं.

"नवी. सोमवारी लागणार. मोठ्या बाई शनिवारपासून ऑपरेशनं थांबवतायत, अडुसष्ट झाली ना. यापुढे सगळं धाकट्या बाई बघणार. पाटीवर एकच नाव." तिने आवाज खाली आणला. "शनिवारी दोघींचाही शेवटचा दिवस. त्यांना हार, मला नारळ."

आतलं दार उघडलं आणि मोठ्या बाई बाहेर आल्या. पांढरा कोट. दोन्ही हात खिशात.

कंट्रोल

"तू त्या डाव्या डोळ्यावाल्या आजींची मुलगी ना? धुक्यात नवरा दिसतो म्हणणाऱ्या?" त्या म्हणाल्या. "ये आत."

आत बसल्यावरही हात खिशातच. पुढ्यात काचेचा पेपरवेट, पेन, कोरे कागद. मी सगळं सांगितलं, फक्त सेटिंग कुणासाठी असतं ते सोडून. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे तिची चूक नव्हती."

"नाही."

"मी तिला दमलीस म्हणाले." त्या खिडकीकडे बघत राहिल्या. "मग कुणाची?"

मी त्यांच्या खिशांकडे बघितलं. अडुसष्ट वर्षं. शनिवारी थांबतायत. विचारायला जीभ रेटेना.

"बाई, राग मानू नका. तुम्ही हात खिशात का ठेवता?"

त्या दचकल्या, मग हसल्या. हात बाहेर काढून टेबलावरून माझ्या मनगटावर ठेवले. गरम होते, पोळीसारखे. आणि स्थिर. एक बोटसुद्धा हललं नाही.

"गार हात डोळ्याला लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "पेशंट दचकतो, डोळा मिटतो. चाळीस वर्षं झाली. घरीसुद्धा खिशातच असतात, आमच्या लेकीचे बाबा चिडवायचे, बायकोचा हात हातात घ्यायचा तर आधी खिशात शोधावा लागतो."

"आणि लॅपटॉप?"

"मी त्याला शिवत नाही. मी बोलते, ती टाइप करते. ऑपरेशनच्या नोंदीसुद्धा. आमच्या लेकीचं तसं नाही. ती सगळं स्वतः करते. हल्ली औषधाची चिठ्ठीसुद्धा टाइप करून देते, पेन हातात धरायला नको. सहीचा तर शिक्काच करून घेतलाय." त्या कौतुकाने म्हणाल्या. "नवी पिढी."

मी मनगट मागे घेतलं. ते अजून गरम लागत होतं.

"बाई, मला जुन्या नोंदी बघायच्या आहेत. सहा महिन्यांच्या. नावं नकोत, आजार नकोत. फक्त जुळे आकडे आणि जुळी अक्षरं बघायचीत."

"वाच," त्या म्हणाल्या. "इथून बाहेर जाता कामा नये, एवढंच."

एंटर

वेटिंगच्या कोपऱ्यात बसून मी वाचलं. आजूबाजूला डोळ्यात थेंब घातलेली माणसं मान वर करून बसली होती, छताकडे बघत, सगळे मिळून कशाची तरी वाट बघत असल्यासारखे.

नोंदी दोन प्रकारच्या. एक ताईच्या हातच्या: याद्या, फोन नंबर, मोठ्या बाई सांगतील ते. दुसऱ्या धाकट्या बाईंच्या, स्वतः टाइप केलेल्या.

ताईच्या आधी. सहा महिने मागे गेले. स्वच्छ. जिथे जुळं हवं तिथे जुळं. मग मागच्या महिन्याची चौदा तारीख, मंगळवार. त्या दिवशी दुपारपर्यंत स्वच्छ. दुपारनंतर पहिल्या फोन नंबरातला एक आकडा गेलेला. तिथून पुढे पानापानावर एकटे उभे राहिलेले आकडे.

मग धाकट्या बाईंच्या.

सहा महिन्यांपूर्वी पानाला एखादं जास्तीचं अक्षर. कुणाचंही होतं तसं. पाच महिन्यांपूर्वी तीन-चार. "डावाा डोळा." "दोन थेंबब." आकडा १०चा १००, मग खाली दुरुस्त केलेला. चार महिन्यांपूर्वी सहा-सात. गेल्या महिन्याच्या दहाला एका पानात अकरा. तेराला चौदा जागी. चौदा तारखेला, मंगळवारी, सकाळच्या नोंदीत नऊ.

चौदालाच, दुपारनंतरच्या नोंदीत, शून्य. पंधराला शून्य. तिथून आजपर्यंत, शून्य.

एकीच्या पानांवरून हवी ती जुळी गेली, त्याच दुपारी दुसरीच्या पानांवरून नको ती जुळी थांबली.

मी लॅपटॉप मिटला.

पॉज

सोमवारच्या यादीवर सहाव्या नंबरला माझी आई होती. शस्त्रक्रिया करणार, या रकान्यात धाकट्या बाईंचं नाव.

डिलीट

धाकट्या बाई तपासणीच्या खोलीत एकट्या होत्या. पस्तिशीच्या असतील. हसऱ्या, भरभर चालणाऱ्या. टेबलावर चहाचा कप, अर्धा भरलेला. आत जाताना मला तो दिसला आणि मग दुसरं काही दिसेचना. पूर्ण भरला तर सांडेल.

मी दार लोटून घेतलं आणि चौदा तारीख म्हटलं. एवढंच. पुढचं त्यांनीच बोलायला घेतलं.

"हो, मीच केलं. मला स्वतःची पानं वाचवेनात. कुणाच्या लक्षात येईल म्हणून खूण लपवली." त्या उभ्याच होत्या, दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ घट्ट धरून. "पण ताईंना त्याचा त्रास होईल हे, खरंच सांगते, माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं. मी सावकाश टाइप करते, माझे दोन आकडे उमटायचे."

"कधी कळलं?"

"भिंगाच्या दिवशी. आई डबी हातात घेऊन उभी होती, मला अडीच दिसलं, आणि मला कळलं. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी घाईघाईने बावीस दाबून बघितले. एकच दोन आला."

"मग?"

"मग काही नाही."

"आज नववा दिवस आहे."

"मी मोजलेत."

बाहेर कुणीतरी खोकलं. ताईचा आवाज आला, "काका, डोळे मिटूनच बसा, मी सांगते कधी उघडायचे ते."

"तुम्हाला वाटतंय तसं नाहीये," धाकट्या बाई म्हणाल्या. "मायक्रोस्कोपखाली मनगट टेकलेलं असतं. तिथे हात थरथरत नाही. हवेत असला की थरथरतो. पेन धरताना, कप उचलताना. आत नाही. अजून तरी नाही."

"मला त्यातलं कळत नाही. मला बटणांतलं कळतं."

"तुम्ही पावतीवर 'चुकून चालू झालं' असं लिहू शकाल? ताईंची नोकरी राहील. आईला मी सांगेन, काढायचं नाही त्यांना. मी रोज सेटिंग चालू-बंद करत जाईन, कुणालाच त्रास होणार नाही."

लिहिता आलं असतं. काल दुकानात मी मनातल्या मनात तेच वाक्य लिहून, चहासुद्धा पिऊन झाले होते. शिक्का पिशवीत होता. ताईसाठी आले होते, ताईचं काम झालं होतं. बाकीचं माझ्या धंद्यात बसत नव्हतं.

"अजून तरी नाही, म्हणालात," मी म्हटलं.

त्यांची बोटं खुर्चीच्या पाठीवर आणखी रुतली.

"सोमवारी सहावा नंबर माझ्या आईचा आहे. उद्या तुम्ही म्हणालात की आत हात थरथरत नाही, तर मी विश्वास ठेवीन. पण ते तुमच्या आईला माहीत असताना म्हणा. त्यांना त्यातलं कळतं."

त्यांनी खुर्चीवरचे हात काढले आणि स्वतःच त्यांच्याकडे बघितलं. बोटं हलत होती. फार नाही. गाणं ऐकताना हलतात तशी, पण गाणं नव्हतं.

"पाटी झालीय हो," त्या म्हणाल्या. "माझं एकटीचं नाव. आईने स्वतः अक्षरं निवडलीत."

मी कप उचलून त्यांच्यासमोरून बाजूला ठेवला. का, ते मलाही माहीत नाही.

"आज सांगते," त्या म्हणाल्या.

"आत्ता," मी म्हटलं.

अल्ट

मोठ्या बाईंच्या खोलीचं दार काचेचं आहे, वरची अर्धी काच दुधी, खालची साधी. आवाज बाहेर येत नाही. खालून फक्त पाय दिसत होते. दोन पाय दारापाशी उभे, दोन टेबलामागे. बराच वेळ तसेच. मग टेबलामागचे उठले आणि चालत दारापाशी आले. समोरासमोर चार पाय.

ताई माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. तिला मी सगळं सांगितलं नव्हतं, पण एकोणीस वर्षं काउंटरला बसलेल्या माणसाला दार किती वेळ बंद आहे त्यावरूनही कळतं.

"धाकट्या बाई?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"अगंबाई," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "शाळेतून आली की माझ्या काउंटरखाली बसून अभ्यास करायची ती. पेन्सिल मी करून द्यायचे टोकदार." रागावलेली दिसत होती, पण कुणावर ते तिला ठरवता येत नव्हतं.

"तुमचं नाव खराब होऊ दिलं तिने. नऊ दिवस."

"हो," ती म्हणाली. "ते मी विसरणार नाही. पण आत्ता ते नको."

दार उघडलं. आधी मोठ्या बाई आल्या. त्यांचा एक हात खिशात होता. दुसऱ्या हातात लेकीचा हात, घट्ट, तोही कोटाच्या खिशात घेतलेला. एका खिशात दोन हात मावत नव्हते, शिवण ताणली गेली होती. तशाच त्या काउंटरपर्यंत आल्या. वेटिंगमधली माणसं छताकडे बघत होती, कुणी काही बघितलं नाही.

"सोमवारची यादी काढ," त्या ताईला म्हणाल्या. "शस्त्रक्रिया करणार, तिथे माझं नाव घाल. सगळीकडे."

"बाई, तुमचा शनिवार—"

"शनिवार तुझाही नाही आणि माझाही नाही. मी चुकीच्या माणसाला दमलीस म्हणाले." त्या वेटिंगकडे वळल्या. "तुला म्हणाले ते मागे घेते. सगळ्यांसमोर म्हणाले होते, सगळ्यांसमोर घेते."

"आणि हिचं?" ताईने विचारलं. थेट. त्या घरात इतक्या थेटपणे विचारायचा हक्क बहुधा तिलाच होता.

"उद्या मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे जातोय, दोघी. ते काय म्हणतात त्यावर. तोपर्यंत ही डोळे तपासेल, ऑपरेशन करणार नाही."

धाकट्या बाई ताईकडे बघत होत्या. "ताई," त्या म्हणाल्या.

"नंतर," ताई म्हणाली. "मोठी यादी आहे. आधी ती करू दे."

मी लॅपटॉप उघडला, सेटिंग बंद केलं, तिच्यापुढे सरकवला. तिने कागद डावीकडे ठेवला, नजर त्यावर लावली आणि बोटं फिरवली. सोमवारचे एकूण पेशंट, ११.

मग एकोणीस वर्षांत कदाचित पहिल्यांदाच तिने मान वळवून स्क्रीनकडे बघितलं. दोन्ही एक तिथे होते, शेजारी शेजारी. ती जरा वेळ बघत राहिली आणि परत कागदाकडे वळली.

पावतीवर मी लिहिलं: कीबोर्ड चांगला. टाइप करणारी चांगली. खाली शिक्का.

निघताना दारापाशी पाटी होती. कुणीतरी तिचा फाटलेला कोपरा भिंतीकडे फिरवून ठेवला होता.

एंड

आईचा उजवा डोळा धाकट्या बाईंनी केला होता, सेटिंग चालू झाल्यानंतर पंधराव्या दिवशी. त्याच डोळ्याने आई आता सुईत दोरा ओवते.